जयसिंग मिस्त्रीची निळी गाडी

उचगावच्या फाट्यावर, हायवेला अगदी लागून, जयसिंग मिस्त्रीचं पत्र्याचं शेड होतं. पाटी म्हणून एक जुना टायर टांगलेला, त्यावर पांढऱ्या रंगात ‘सेल्फ, डायनामो, वायरिंग’ एवढंच लिहिलेलं. हायवे चौपदरी व्हायच्या आधीची गोष्ट. त्या काळात कागलपासून कुरुंदवाडपर्यंत कुणाची गाडी चालू होईना झाली, की माणूस तिला दोरीनं ओढत आधी जयसिंगच्या दारात आणायचा. आल्या आल्या त्याला बोलायचं असायचं. काल तर बरी होती, मेव्हण्यानं नेली होती, रात्रभर पावसात उभी होती. जयसिंग हाताचा पंजा वर करायचा.

"पावणं, तुमी गप ऱ्हावा. गाडीला बोलू द्या."

आणि गाडी खरंच बोलायची. किल्ली फिरवल्यावर ‘टकटकटकटक’ असा दात वाजल्यासारखा आवाज आला, तर बॅटरी बसलेली. सेल्फ नुसताच मोकळा घुरघुरला, तर त्याचे दाते झिजलेले. सेल्फ जोरात फिरतोय पण इंजिन पेट घेत नाही, तर डिझेलमध्ये हवा शिरलेली. जयसिंग चहाची बशी तोंडाला लावून, गाडीकडे पाठ करून हे सांगायचा. मग गाडी उघडून बघितलं की नेमकं तेच निघायचं. गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं, आणि जयसिंगची मान आणखी दोन इंच ताठ व्हायची.

फक्त एका आवाजाला तो पाठ करायचा नाही. एकच ‘टक’, आणि मग शांतता. ह्या ‘टक’मागे दहा कारणं असू शकतात. त्यासाठी त्याच्या उस्तादानं, पिराजीनं, त्याला एक साधी खूण शिकवली होती. ती तो प्रत्येक गिऱ्हाइकाला फुकट सांगायचा, घरी जेवतानाही सांगायचा.

"सेल्फ मारताना दिव्याकडं बगायचं. दिवा मंद झाला तर बॅटरीत दम न्हाय. दिवा तसाच लख्ख ऱ्हायला आनी सेल्फ बी गप, तर बॅटरी चांगली हाय, पर करंटला वाट मिळंना झालीया. मग वाट शोधायची."

घरी हे ऐकणारं एकच माणूस होतं, त्याची बायको शेवंताबाई. मूलबाळ झालं नव्हतं. जयसिंग जेवता जेवता दिवसभरातल्या गाड्यांची दुखणी सांगायचा आणि शेवंताबाई भाकरी थापता थापता ऐकायची. तीस वर्षं ऐकलं तिनं. एवढं ऐकून गोठ्यातली म्हैससुद्धा मेकॅनिक झाली असती, असं शेजारची धोंडुबाई चिडवायची. शेवंताबाई हसायची आणि म्हणायची, "मलाबी येतंय की समदं. इचारतंय कोन?"

शेवंताबाई मूळची आजऱ्याकडची. तिचा आजा सत्तावीस साली महाडला गेला होता, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला. काही वाट पायी, काही मिळेल त्या बैलगाडीनं. हजारो माणसांबरोबर तोही त्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन प्यायला होता. लहानपणी शेवंता त्याच्या मांडीवर बसून पुन्हा पुन्हा एकच विचारायची, "आजा, कसं लागलं पानी?" म्हातारा दर वेळी तेच सांगायचा. "पान्यागत पानी हुतं, पोरी. तेवढंच बगायला गेलतो आमी."

हे पाणी एकदा आपणही प्यावं, एवढी एकच हौस शेवंताबाईनं आयुष्यभर बाळगली. दर वर्षी मार्चची वीस तारीख यायची, गल्लीतली माणसं गाडी करून महाडला जायची, आणि जयसिंग म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की." त्याच्या शेडसमोर कुणाची ना कुणाची गाडी अडलेली असायचीच. जगाच्या गाड्या मार्गी लावता लावता घरचं माणूस मागं राहिलं, आणि तिनंही कधी तक्रार केली नाही. तिनं तक्रार करायला हवी होती.

दोन हजार एक सालच्या दिवाळीत तिची पाठ दुखायला लागली. आधी तेल चोळून झालं, मग शेक घेऊन झाला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फोटो काढला, जयसिंगला बाजूला घेतलं आणि मणक्यात गाठ असल्याचं सांगितलं. पसरली आहे म्हणाले. फार तर उन्हाळा. बसवायचं नाही, हिसका बसू द्यायचा नाही, न्यायचं झालं तर आडवंच न्यायचं.

घरी आल्यावर शेवंताबाईनं त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि सगळं ओळखलं. ती म्हणाली, "मग ह्या वर्षी तर न्या."

जयसिंग कामाला लागला. एका संस्थेचा फिरता दवाखाना भंगारात निघाला होता. जुनी लांब मेटॅडोर, आत एक अरुंद पलंग, भांडी ठेवायचं कपाट, हात धुवायचं भांडं आणि छताला पाण्याची टाकी. जयसिंगनं ती आणून शेडमध्ये उभी केली आणि दोन महिने बाहेरचं कामच घेतलं नाही. इंजिन उतरवून पुन्हा बांधलं. सगळं वायरिंग उपसून नवं घातलं. पलंगावर जाड कापसाची गादी, डोक्याशी छोटा पंखा, पायाशी स्टोव्ह ठेवायला कप्पा. पलंगाच्या वर, झोपल्या झोपल्या दिसेल असा, बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो लावला आणि त्यापुढे एक इवलासा दिवा बसवला. लोक बघायला यायचे आणि म्हणायचे, मिस्त्रीनं चाकावर बंगला बांधला.

"रंग कुठला द्यायचा?" त्यानं शेवंताबाईला विचारलं.

"त्यात काय इचारायचं? निळा."

मग त्यानं निळा दिला. आणि कसा दिला! बाहेरून तर दिलाच, पण इंजिन खाली उतरवलेलंच होतं म्हणून खालच्या लोखंडी सांगाड्याला, चॅसीलाही दिला. दोन हात. एकही बोल्ट, एकही कोपरा त्यानं सोडला नाही. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर त्यानं एवढं केलं नसतं. ही शेवंताची होती, म्हणून जिथं माणसाची नजर कधी जाणार नाही तिथंही त्यानं ब्रश फिरवला.

फेब्रुवारीत तिला चादरीच्या झोळीतून उचलून गाडीत निजवलं आणि पंचगंगेच्या घाटापर्यंत फिरवून आणलं. गाडी एका किल्लीत चालू झाली. शेवंताबाई खिडकीतून मागं जाणारी झाडं बघत होती. परत आल्यावर तिनं घरात यायलाच नकार दिला. "मी हितंच ऱ्हातो," ती कोल्हापुरी बायकांच्या रीतीनं म्हणाली. "हितं बरं वाटतंय." मग गाडी शेडमधून घराच्या दारात आणली, आणि शेवंताबाई दिवसा तिथंच पडून राहू लागली. धोंडुबाई येऊन तिचं अंग पुसायची, केस विंचरायची.

एकदा जयसिंग पेज भरवत असताना ती त्याला म्हणाली, "उभा जन्म तुमचं झाल्यावर माझं ताट. महाडला मातर पयली ओंजळ माझी. मग तुमची."

"तुजी तर तुजी," जयसिंग म्हणाला.

मार्च लागला आणि एका सकाळी किल्ली फिरवल्यावर गाडी ‘टक’ म्हणाली. एकच ‘टक’.

जयसिंग हसला. गाडीची दुखणी बरी करणाऱ्याच्या घरात गाडीच आजारी. त्यानं बॅटरीची टोकं घासली, किल्ली फिरवली, गाडी चालू झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘टक’. त्यानं बॅटरीच नवी घातली. दोन दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. सेल्फ खाली उतरवला, टेबलावर थेट बॅटरीला जोडून बघितला, तर भिंगरीसारखा फिरला. गाडीत बसवला की ‘टक’. त्यानं सेल्फचे कार्बन बदलले, बुश बदलले, सोलेनॉईड नवा आणला, किल्लीचा स्विच बदलला. दर वेळी हात लावला की गाडी एखाददोन दिवस चालायची आणि तो म्हणायचा, सापडलं. सगळ्या दुखण्यांत हेच दुखणं वाईट, मध्येच बरं होऊन माणसाला फसवणारं.

करंटला सेल्फपर्यंत जायला जशी वाट लागते तशी परत यायलाही लागते. इंजिनापासून चॅसीपर्यंत बांधलेली तांब्याची विणलेली पट्टी ही ती परतीची वाट. मिस्त्री लोक तिला अर्थिंग म्हणतात. पिराजीचं तर सांगणंच होतं, आधी अर्थिंग बघ, मग बाकीचं. जयसिंगनं बघितली नाही असं नाही. गाडीखाली वाकून त्यानं पट्टी बघितली. नवी कोरी होती, बोल्ट घट्ट होता. त्यानं स्वतः आवळलेला. तो उठला आणि पुढच्या कामाला लागला. दुसऱ्याच्या गाडीत त्यानं हाच बोल्ट दहा मिनिटांत खोलला असता. स्वतःच्या हाताच्या कामावर शंका घ्यायची त्याला सवयच नव्हती.

दहा-बारा तारखेची गोष्ट असेल. तो पुढं बसून किल्ली फिरवत होता. टक. टक. मागून शेवंताबाईचा आवाज आला.

"अवो, तुमी सेल्फ मारताय तवा ह्यो दिवा जराबी मंद हुईना बगा."

"नवी बॅटरी हाय. कशाला मंद हुईल?"

"तसं न्हवं. तुमीच म्हनता की, दिवा लख्ख ऱ्हायला तर..."

"शेवंते, मिस्त्री तू हाईस का मी?" जयसिंग खेकसला. घामानं भिजला होता, तीन रात्री झोप नव्हती, आणि आठ दिवसांवर वीस तारीख. "गप पड जरा. गाडीचा आवाज ऐकू दे मला."

तिनं तोंड भिंतीकडे केलं. नंतर तो विषय तिनं पुन्हा काढला नाही. तीस वर्षं त्याचं ऐकून ती जे शिकली होती ते तिनं बरोबर सांगितलं होतं, आणि ते ऐकायला जयसिंगला फुरसत नव्हती.

अठरा तारखेला कागलचे शिवकुमार आले. गुळाचा व्यापार करणारे गृहस्थ, जयसिंगचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्याकडे नवा टेंपो होता. "मिस्त्री, माझा टेंपो घ्या," ते म्हणाले. "मागं दोन गाद्या टाकू. ड्रायव्हर मी देतो. वहिनींना नेऊन आणा, मग ही गाडी बसा खोलत."

"नको अण्णा. उद्यापतोर हुतीया चालू."

"आणि नाही झाली तर?"

जयसिंगला ते लागलं. "अख्ख्या जिल्ह्याच्या गाड्या चालू करतोय म्या. माझी बायकू मागून आनलेल्या टेंपोतनं जायाची?"

शिवकुमार शेवंताबाईकडे गेले, तिच्याशी दोन शब्द बोलले आणि निघाले. ते गेल्यावर ती हळूच म्हणाली, "ढकलून चालू करा की. वाटंत बंदच करू नगा."

"आनी कुंभार्ली घाटात बंद पडली तर? तुला आत ठिवून कोन ढकलनार?" हे मात्र त्याचं खरं होतं. पण टेंपोबद्दल तिनं काही विचारलं नाही आणि त्यानंही तो विषय पुन्हा काढला नाही.

वीस तारखेला पहाटे तिनं धोंडुबाईकडून पांढरं लुगडं नेसवून घेतलं. स्टीलचा एक पेला, तिचं नाव कोरलेला, उशाशी ठेवला. जयसिंगनं किल्ली फिरवली. टक. दुपारपर्यंत तो गाडीखाली होता. रस्त्यानं निळे झेंडे लावलेल्या गाड्या जात होत्या, त्यांच्या घोषणा ऐकू यायच्या आणि विरून जायच्या. दुपारी तो गाडीखालून बाहेर आला तेव्हा शेवंताबाई जागी होती. तिनं पेला कपाटात ठेवायला सांगितला. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तुमी जेवा. सकाळपासनं पोटात काय न्हाय तुमच्या."

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ती गेली. त्याच पलंगावर, फोटोपुढचा दिवा चालू असताना.

जयसिंगनं शेड बंद ठेवलं. गाडी दारात धूळ खात उभी राहिली. जूनमध्ये शिवकुमार भेटायला आले तेव्हा तो म्हणाला, "अण्णा, ही घेऊन जावा. कुनाला तरी द्या. माझ्यासमोर नको."

"आधी बघू तरी," म्हणत शिवकुमार पुढं चालकाच्या जागेवर बसले. गाडी दोन महिने उभी आहे हे माहीत असल्यानं चार्ज केलेली बॅटरी त्यांनी येतानाच आणली होती, ती आधी बसवली होती. जयसिंग शेवंताबाईचं अंथरूण आवरायला मागं चढला. पावसाचं आभाळ होतं, आत अंधारलेलं, म्हणून त्यानं फोटोपुढचा दिवा लावला. गादी उचलायला वाकला, आणि त्याला ती उचलवेना. गादीत तिच्या अंगाचा खोलगट ठसा तसाच होता. तो तिथंच बसला, आणि मग त्या ठशात आडवा झाला. आयुष्यात पहिल्यांदा तो गाडीच्या मागच्या बाजूला पडून वर बघत होता.

पुढं शिवकुमारांनी किल्ली फिरवली. टक.

डोळ्यांसमोर दिवा होता. तो हललासुद्धा नाही.

"पुन्ना मारा," जयसिंग म्हणाला. टक. दिवा लख्ख. "पुन्ना." टक. दिवा लख्ख.

शेवंताबाई महिनाभर हेच बघत पडली होती. तिनं सांगितलंही होतं.

तो उठला, पाना आणि सुरी घेऊन गाडीखाली शिरला. अर्थिंगचा बोल्ट खोलला, तांब्याची पट्टी बाजूला केली. तिच्याखाली, चॅसीच्या लोखंडावर, निळा रंग होता. त्यानंच दिलेला, दोन हात. पट्टी लोखंडावर नव्हे, रंगावर बसली होती. सुरुवातीला बोल्टच्या आट्यांतून थोडा करंट जात होता, मग तिथंही गंज धरला. तेवढ्या करंटवर नुसतं ‘टक’ होतं, सेल्फ फिरायला भरपूर लागतो; दिव्याचा आणि पंख्याचा करंट मात्र ह्या पट्टीतून जातच नाही, तो चॅसीवरून थेट बॅटरीला परततो. त्यानं सुरीनं रंग खरवडला. आठ आण्याच्या नाण्याएवढी जागा. निळा भुगा त्याच्या तोंडावर पडत होता. खाली पांढरं लोखंड दिसू लागलं तेव्हा त्यानं पट्टी पुन्हा बसवली आणि बोल्ट आवळला.

"मारा अण्णा."

गाडी अर्ध्या किल्लीत चालू झाली. शिवकुमार आनंदानं ओरडले, "मिस्त्री! झाली की हो!" उत्तर येईना म्हणून त्यांनी खाली वाकून बघितलं. जयसिंग गाडीखाली उताणा पडून लहान मुलासारखा हुंदके देत होता. शिवकुमारांनी इंजिन बंद केलं आणि पावसाचे थेंब पडायला लागले तरी ते तिथंच उकिडवे बसून राहिले.

गाडी त्यानं कुणाला दिली नाही. पुढच्या महिन्यात शेड उघडलं. गिऱ्हाईक पूर्वीसारखंच यायचं, पण आता जयसिंग पंजा वर करायचा नाही. गाडी आली की तो आधी विचारायचा, "मागं कोन बसलंतं?" बायको असो, आई असो, म्हातारा असो, त्यांच्यासमोर जाऊन उभा राहायचा. "काय दिसलं? काय ऐकलं? सांगा बिगीबिगी न्हवं, सावकाश." लोकांना वाटायचं, बायको गेल्यापासून मिस्त्रीचं डोकं जरा हललंय. कुणी बाई पदर तोंडाला लावून म्हणायची, मला काय कळतंय त्यातलं, तर तो म्हणायचा, "कळतंय. तुमी सांगा."

दोन हजार तीनच्या वीस मार्चला तो निळी गाडी घेऊन एकटाच महाडला गेला. मागचा पलंग तसाच, गादी तशीच, दिवा चालू. कुंभार्ली घाट गाडी न कुरकुरता उतरली.

तळ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. पांढऱ्या लुगड्यातल्या बायका, कडेवर पोरं, निळे झेंडे. गर्दीतून वाट काढत तो पायऱ्यांपर्यंत गेला, शेवंताबाईचा पेला काढला, भरला आणि पायरीवर ठेवला. मग त्याच्याकडे बघत बसला. शेजारी एक म्हातारी पाणी पिऊन ओठ पुसत होती. ती म्हणाली, "पी की रे लेकरा. कुणासाठी ठिवलंस?"

"मालकीन हाय माजी," जयसिंग म्हणाला. "पयलं तिचं."

म्हातारीनं मागं वळून गर्दीत कोण येतंय का ते बघितलं. थोड्या वेळानं ती निघून गेली. ऊन चढलं. माणसं येत होती, पाणी पीत होती, जात होती. जयसिंगनं पेला उचलून पाणी हळूच तळ्यात सोडलं. मग स्वतःची ओंजळ भरली, तोंडाशी नेली आणि तशीच धरून ठेवली. पाणी बोटांच्या फटींतून गळत गेलं, शेवटी तळहात नुसते ओले राहिले. ते त्यानं तोंडावरून फिरवले. चव कशी होती ते त्याला कळलं नाही, कारण तो प्यायलाच नाही.

पेला घेऊन तो गाडीशी आला, कपाटात ठेवला आणि पुढं बसला. किल्ली फिरवायच्या आधी त्यानं मान वळवून मागच्या दिव्याकडे नजर लावली. किल्ली फिरली. दिवा क्षणभर मंद झाला, सेल्फनं करंट ओढल्यावर व्हायला हवा होता तसा, आणि गाडी चालू झाली.